शून्य चारशे वीस

तीन लाख बारा हजार किलोमीटर झाल्यावर
गाडीला जे काय बोलायचं असतं
ते ती एकाच दिव्यातून बोलते.
पिवळा. इंजिनाच्या आकाराचा.
रात्री हैदराबाद रोडनं परतताना
मागच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर त्याचा उजेड पडत नाही,
माझ्या मनगटावर पडतो.

दस्तगीर नदाफनं स्कॅनर लावला.
"पी शून्य चारशे वीस," म्हणाला आणि हसला,
"आकडा बघून दिलाय बगा, जॉबर."
म्हणजे गाडीच्या पोटाखालचं
धूर निवळणारं भांडं आता निवळत नाही.
नवं घ्यायचं तर अठ्ठेचाळीस हजार.
गाडी विकायला काढली तर नव्वद.

आधी नुसता कोड पुसला.
मंद्रूपपर्यंत जाऊन आलो, गप्प होता.
चौथ्या दिवशी सात रस्त्याच्या सिग्नलला
परत.
मग मागचा सेन्सर बदलला, साडेतीन हजार.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी राजमणीनं शेजारी बसल्या बसल्या
कपाळावरची टिकली काढली
आणि दिव्यावर चिकटवली.
"एमैंदी?" मी विचारलं.
"काय नाही झालं," ती म्हणाली. "आता दिसत नाही."

मी मागावर होतो तेव्हा
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चोवीस माग माझ्याकडे.
ताण्यातला एक धागा तुटला
की त्याच्यावरची पत्ती टपकन खाली पडायची,
माग जागच्या जागी उभा.
नवी पोरं पत्तीलाच शिव्या घालायची.
अरे, ती पडली म्हणून तुटलं नाही बे,
हात मागं ने. अजून मागं. बीमपर्यंत.

दस्तगीरही मागं मागं गेला.
सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून
सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं,
एक बुडबुडा नाही.
तापमान मोजायची बंदूक धरली भांड्याच्या दोन्ही तोंडांशी.
"बाहेर पडताना जास्त तापाया पायजे," म्हणाला,
"हितं दोन्हीकडं सारखंच. आत चूलच पेटत नाही."
मग प्लग काढला.
टोकावर पांढरट राखेची खरपुडी,
भाकरीच्या तव्याला धरते तशी.

तो बराच वेळ ती नखानं खरवडत होता.
"मेलंय ते भांडंच. पण मारलं कुणी?
तेल किती खाती गाडी?"

"नाही खात."

पान्यासाठी त्यानं डिकी उघडली.
स्टेपनीच्या मागं, आमच्याच कारखान्याच्या
दुय्यम मालाच्या टॉवेलात गुंडाळलेला
पाच लिटरचा कॅन, तळाशी थोडंच उरलेलं.
दर रविवारी राजमणी उठायच्या आत
मी बॉनेट उघडतो.
पट्टी पुसतो, बुडवतो, बघतो,
ओततो. हात राखेनं धुतो.

"चारशे वीस," दस्तगीर म्हणाला.
स्कॅनर तेव्हा बंद होता.

माझा बाप मागाशेजारी तीस वर्षं खोकला.
रुमाल स्वतःच धुवायचा, वेगळा वाळत घालायचा,
आम्ही म्हणायचो, किती स्वच्छतेचं वेड ह्यांना.

"हजाराला पाऊण लिटर," मी म्हणालो.
"कधीपास्नं?"
"दोन वर्षं. थोडं जास्तच."
त्यानं प्लगच्या खोक्यावर आकडा लिहिला,
डॉक्टर लिहितात तसा, वर न बघता.
"भांडं आधी बदललं असतं
तर दिवाळीपर्यंत त्येबी मेलं असतं.
आदी हेड खोलू. सील बघू.
लाइट राहू दे सध्या.
खरं बोलायलीय ती."

गुरुवारी गाडी आणून द्यायची ठरली.
होटगी रोडला फाटकाजवळ थांबलो तेव्हा
टिकली काढली.
गोंदाचा गोल राहिला काचेवर.
नखानं निघेना.
त्याच्या आतून दिवा जरासा धूसर,
आणि आज रविवार नाही, तरी
घरी जाऊन राजमणीला
तो कॅन दाखवायचाय.